मान धरली, सुटली, पुन्हा धरली: जुन्या मानदुखीवर हाताने करायचे उपचार

पूर्णेकडच्या एक मावशी माझ्याकडे आल्या. शिवणकाम करायच्या. तक्रार एका वाक्यात सांगितली, "मागनं कुणी हाक मारली की अख्खं अंग वळवावं लागतंय बाई, बैलगाडीसारखं." लग्नसराई तोंडावर आलेली, घरात ब्लाउजांचा ढीग, आणि आठ महिने झाले मान डावीकडे जात नव्हती. मी तेव्हा फिजिओथेरपीत नवी होते, हातात जोर होता. वीस मिनिटं मान-खांदे छान मोकळे करून दिले. मावशींनी उठून मान फिरवून पाहिली. फिरली. खूश होऊन गेल्या आणि तिसऱ्या दिवशी परत आल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा सुटली, पुन्हा धरली. असा दीड महिना गेला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी त्यांना बरं करत नव्हते, मान भाड्याने मोकळी करून देत होते.

हाताने केलेल्या उपचाराचा आराम खरा असतो, पण तो काही तास टिकतो, फार तर दोन-तीन दिवस. त्या वेळात मान जिथवर सुटली तिथवर स्वतःच्या ताकदीने फिरवली, तिथले स्नायू कामाला लावले, तरच ती हद्द आपली होते. नाहीतर मशीनवर बसलं की सगळं पूर्वीसारखं. म्हणून या लेखात दाबायचं कसं हे आहेच, पण हात काढल्यावरच्या पंधरा मिनिटांवर माझा जोर जास्त आहे. तीन महिन्यांहून जुन्या मानदुखीसाठी हे लिहिते आहे. काल रात्री उशी चुकली आणि सकाळी मान वाकडी झाली, ती बहुतेक आठवड्याभरात आपोआप सुटते.

आत नेमकं काय अडलेलं असतं

मानेत सात मणके. त्यांतले वरचे दोन बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत. पहिला बांगडीसारखा, दुसऱ्याला वर खुंटी, आणि बांगडी त्या खुंटीभोवती फिरते. मान डावी-उजवीकडे जितकी वळते, त्यातलं जवळपास निम्मं वळण या एकाच सांध्यात होतं. उरलेलं खालचे सांधे वाटून घेतात. या सगळ्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं. पाच किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरून उभं राहा, मग हात लांब करून धरा. वजन तेच, पण दंड मिनिटात भरून येतात. मशीनवर, मोबाइलवर, कापसाच्या झाडावर वाकलेल्या माणसाच्या मानेमागच्या स्नायूंचं दिवसभर हेच चाललेलं असतं.

"मणका सरकला होता, बसवून दिला" असं सांगणारे गावोगाव भेटतात. साध्या मानदुखीत मणका सरकलेला नसतो आणि कुणी बसवतही नाही. कट् असा आवाज येतो तो सांध्यातल्या पातळ द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याचा. हाड जागेवर आल्याचा तो आवाज नव्हे, आणि आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असंही नाही. हाताच्या दाबाने होतं ते असं: त्या भागातून मेंदूकडे जाणारे दुखण्याचे निरोप काही काळ दबतात, घट्ट धरून बसलेले स्नायू सैल पडतात, आणि भीतीपोटी राखून ठेवलेली हालचाल परत करता येते.

एक्स-रे काढून आणलेली माणसं आल्याबरोबर "गॅप पडलाय" म्हणतात. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेत थोडी झीज बहुतेकांना दिसते, ज्यांची मान कधी दुखली नाही त्यांनाही. केस पांढरे व्हावेत तसं ते आहे. नुसत्या एक्स-रेवरून घाबरू नका, आणि त्यावरून गळ्यात पट्टाही अडकवू नका. पट्टा महिनोन्महिने घातला की स्नायू आयते बसून आणखी दुबळे होतात.

हात लावायचा की नाही

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका.

पुढचं काहीही असेल तर आधी डॉक्टर. मान पडण्या-झडण्यानंतर किंवा गाडीच्या अपघातानंतर दुखायला लागली. ताप आहे आणि मान पुढे वाकतच नाही. रात्री घाम येतो, वजन उतरतंय, संध्याकाळी कसकस वाटते. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून दिसतो आणि तो सुरुवातीला साध्या मानदुखीसारखाच वागतो. पूर्वी कर्करोग झालेला आहे. संधिवाताचा, म्हणजे आमवाताचा जुना आजार आहे. त्यात वरच्या दोन मणक्यांमधला बंध सैल झालेला असू शकतो. हाडं ठिसूळ असल्याचं आधी सांगितलेलं आहे.

हातांकडे बघा. शर्टाचं बटण लावताना, सुईत दोरा ओवताना, भाकरी थापताना बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, चालताना पाय जड पडतात किंवा तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. अशा मानेला घरी हात लावायचा नाही, मालिशही नाही. हातात मुंग्या येणं नसेवरच्या दाबाने होतं आणि अनेकदा व्यायामाने बरंही होतं. पण पकड कमी होत चालली असेल तर आधी तपासणी हवी. डाव्या हाताची कळ छातीतून येते आहे, सोबत घाम आणि दम आहे, तर मान विसरा, हृदयाचं बघा.

आता सगळ्यात तातडीचं. मानेतून मेंदूकडे चार मोठ्या रक्तवाहिन्या जातात, दोन पुढून आणि दोन मणक्यांच्या भोकांतून. झटक्याने त्यांचं अस्तर फाटू शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर पक्षाघात. पूर्वी कधीच न झालेली तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी अचानक सुरू झाली, सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास, चेहरा बधीर होणं, तोल जाणं यांतलं काही असेल, तर १०८ ला फोन करा आणि तातडीच्या विभागात पोचा. त्या वेळी मान चोळत बसू नका.

म्हणूनच सलूनमधल्या "मान मोडण्या"वर माझा राग आहे. दाढी झाली, चंपी झाली, की न विचारता हनुवटी आणि डोकं धरून कट्-कट्. २०१७ मध्ये दिल्लीकडच्या एका माणसाला असं केल्यानंतर श्वासपटलाच्या नसांना इजा झाल्याची आणि त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागल्याची बातमी देशभर छापून आली होती. चंपी खुशाल करून घ्या. हात हनुवटीकडे आला की "दादा, मान राहू द्या" एवढं म्हणायला लाजू नका.

पहिलं काम: मोजून लिहा

दुखणं कमी झालं का, हे मनाला विचारलं तर मन रोज वेगळं उत्तर देतं. डोळ्यांनी दिसेल असं माप ठेवा. मी मावशींना खिडकीचे गज मोजायला लावले होते. हात नसलेल्या खुर्चीवर ताठ बसायचं, दोन्ही हात मांड्यांवर, खिडकी डाव्या खांद्याच्या मागे. खांदे न हलवता मान डावीकडे वळवायची आणि कितवा गज दिसतो ते बघायचं. पहिल्या दिवशी त्यांना दुसरा गज जेमतेम दिसला. हेच उजवीकडे. मग हनुवटी छातीकडे न्या आणि मध्ये किती बोटं मावतात ते मोजा. तारीख घालून वहीत लिहा. तरुण माणसाची मान एका बाजूला ऐंशी अंशांच्या आसपास वळते. वयाने ती कमी होते. दोन्ही बाजूंतला फरक जास्त बोलका असतो.

अडचण वर आहे की खाली, हेही घरी बरंचसं कळतं. उताणे झोपा, हनुवटी जितकी छातीकडे जाईल तितकी न्या, घरातलं कुणी डोकं हातांवर तोलून धरेल. त्याच स्थितीत सावकाश मान दोन्ही बाजूंना वळवा. मान पूर्ण पुढे वाकली की खालचे सांधे ताणले जाऊन अडकून पडतात, म्हणून फिरतो तो मुख्यतः वरचा बांगडी-खुंटीचा सांधा. एका बाजूला साधारण ४० अंश वळण मिळायला हवं. एक बाजू ठळकपणे कमी असेल तर कवटीच्या तळाशी काम करायचं आहे. मानेतून निघून डोळ्यामागे येणारी डोकेदुखी असणाऱ्यांत हे पुष्कळदा सापडतं. दोन्ही बाजू नीट असतील तर मानेचा खालचा भाग, खांदे आणि पाठीचा वरचा भाग बघायचा.

शेक, मग हात

शेक दहा-पंधरा मिनिटं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, किंवा तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी. आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. मधुमेहाने कातडी बधीर झालेल्यांनी शेक घेताना दुसऱ्याला पारखायला सांगा, भाजलेलं कळत नाही. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, बाहेर बेचाळीस असताना, कुणी शेक घेत नाही हे मला माहीत आहे. तेव्हा सोडून द्या, आंघोळीनंतर लगेच हात लावा.

दाबणारं माणूस घरातलंच असलं तरी त्याच्याशी आधी एक ठरवा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. दाब चार-पाचच्या वर जायचा नाही. आपल्याकडे "गोड दुखतं" म्हणतात ना, तिथवरच. श्वास रोखला गेला, खांदा वर उचलला गेला, तर जास्त झालं. जोराने दाबलं की स्नायू उलट आवळून धरतो आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं. माझ्या हातूनही हे पहिल्या वर्षी पुष्कळदा झालं आहे. तेलाचे चार थेंब पुरेत, खोबरेल असो की तिळाचं. एकेक गाठ दाबायची तर तेल नकोच, बोट घसरतं. बाम चोळलेल्या जागेवर शेक देऊ नका, कातडी पोळते.

टेबलावर उशी ठेवून, दोन हातांवर कपाळ टेकवून बसा. आधी खांद्याचा वरचा स्नायू, मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत जाणारा. तो अंगठा आणि चार बोटांत, कणीक चिमटीत धरावी तसा धरायचा. घासायचं नाही, धरून थांबायचं. जिथे सुतळीला गाठ असावी तसं लागतं तिथे ३० ते ६० सेकंद. बोटाखाली तो भाग मऊ होत गेल्याचं कळतं. नाही झाला तर सोडा आणि पुढे सरका, त्याच्याशी कुस्ती करू नका.

मग पाठीवरच्या खांद्याच्या पात्याचा वरचा, मणक्याकडचा कोपरा. हात मागे नेऊन पाठ खाजवायला गेलं की जिथे बोट पोचत नाही, बरोबर तिथे. पातं वर उचलून धरणारा स्नायू इथे चिकटतो आणि मानेच्या वरच्या चार मणक्यांपर्यंत जातो. मोबाइल खांदा आणि कानात धरून स्वयंपाक करणाऱ्यांचा हा हमखास धरलेला असतो. अंगठ्याने नाही, कोपराच्या बोथट बाजूने हळूच टेकवा, मिनिटभर. नंतर नाक विरुद्ध बाजूच्या काखेकडे वळवून खाली बघा, म्हणजे तो ताणला जातो. वीस सेकंद, दोनदा.

कवटीच्या तळाशी, मानेच्या खळग्याच्या दोन्ही बाजूंना छोटे स्नायू आहेत. त्यांच्यासाठी पायमोज्यात टेनिसचे दोन चेंडू घालून मोज्याला गाठ मारा. उताणे झोपा, चेंडू कवटीच्या कडेखाली येतील असे ठेवा, मानेच्या मधोमध नाही. डोकं सोडून द्या, दोन-तीन मिनिटं. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर काढून टाका आणि पुन्हा करू नका. कुणी मदतीला असेल तर चेंडूंऐवजी त्याच्या आठ बोटांच्या टोकांवर डोकं तसंच विसावू द्या. ओढायचं काही नाही, वजन आपलं आपण काम करतं.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या म्हणजे कंठमण्याच्या आजूबाजूला, कुणीही दाबायचं नाही. तिथे मोठी रक्तवाहिनी आहे. हा नियम मालिशवाल्यालाही सांगा.

सांधा: थोडं तज्ज्ञाच्या हातात, थोडं आपल्या

मणक्यावर थेट दाब देऊन सांधा सैल करणं हे फिजिओथेरपिस्टचं काम. त्याच्या चढत्या पायऱ्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी त्या बसवून दिल्या. पहिल्या दोन पायऱ्यांत सांध्याच्या अडण्यापर्यंत न जाता हलका झोका, तो दुखणं शांत करायला. तिसऱ्या-चौथ्या पायरीत अडण्यापर्यंत जाऊन लयीत दाब, तो ताठरपणासाठी. अर्धं ते एक मिनिट, दोन-तीनदा. त्याच्याही वर झटका. जुन्या मानेला लयीतला दाब बहुतेक वेळा पुरतो. झटका द्यायचाच असेल तर तुम्हाला आधी विचारलं जायला हवं, आणि "नको" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरी दोन गोष्टी करता येतात. समजा मान डावीकडे वळत नाही.

पहिली, हाताशी जोर लावण्याची. मान डावीकडे जिथे अडते तिथवर न्या, दुखेपर्यंत नाही. उजवा तळवा उजव्या गालावर ठेवा. आता चेहरा उजवीकडे परत आणायचा प्रयत्न करा, पण हाताने येऊ देऊ नका. जोर आपल्या ताकदीच्या पाचव्या हिश्शाएवढा. पाच-सात सेकंद. सोडा, श्वास बाहेर टाका आणि मान डावीकडे आणखी किती जाते बघा. तेवढी नवी हद्द घेऊन पुन्हा. तीन-चारदा. मला घरच्या उपायांत हा सगळ्यांत आवडतो, कारण यात चूक करायला जागा कमी आहे.

दुसरी टॉवेलची, न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीतली. पातळ पंचा मानेमागे असा घ्या, की त्याची कड नेमकी धरलेल्या मणक्यावर बसेल. दोन्ही टोकं पुढे. मानेच्या उजवीकडून आलेलं टोक डाव्या हातात आणि डावीकडून आलेलं उजव्या हातात, म्हणजे हात एकमेकांवरून जातील. उजव्या हाताने आपलं टोक छातीशी खाली दाबून धरायचं. डाव्या हाताने दुसरं टोक उजव्या गालावरून, डोळ्याच्या रेषेत, पुढे आणि वर हलकं ओढायचं आणि त्याच वेळी मान डावीकडे वळवायची. परत येईपर्यंत ओढ सोडायची नाही. सहा ते दहा वेळा. यात अजिबात दुखता कामा नये. दुखलं तर पंचाची कड बोटभर वर किंवा खाली सरकवा, तरीही दुखलं तर सोडून द्या. पहिल्यांदा कुणाकडून तरी समोर बसून शिकलात तर उत्तम. वाचून अर्ध्या लोकांची टोकं उलटी होतात.

पाठीचा वरचा भाग ताठ असला तर मानेवर त्याची वसुली होते. जुनी वाकळ घट्ट गुंडाळा, खांद्याच्या पात्यांखाली आडवी ठेवा, हात डोक्यामागे घेऊन मानेला आधार द्या आणि वाकळीवरून पाठ मागे सोडा. पाच श्वास. वाकळ दोन बोटं खाली सरकवून पुन्हा.

हात काढल्यावरची पंधरा मिनिटं

इथे मी मावशींच्या बाबतीत चुकले होते. दाबून झालं की मी त्यांना चहा देत होते.

त्याऐवजी करायचं असं. लगेच, म्हणजे अंग गार व्हायच्या आत, बसून मान दोन्ही बाजूंना नव्या हद्दीपर्यंत दहादा फिरवा. शेवटी दोन सेकंद थांबायचं. हात न लावता, स्वतःच्या ताकदीने.

मग उताणे झोपा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. "हो" म्हणताना हलवतो तशी हनुवटी अगदी थोडी आत घ्या, डोकं उचलायचं नाही. जणू मानेमागचा खळगा टॉवेलला चिकटवायचा आहे. दहा सेकंद धरा, दहा वेळा. बोटं गळ्यावर हलकी टेकवून बघा, पुढच्या दोन दोऱ्या टरारून वर आल्या तर जोर जास्त लागतोय, कमी करा. मणक्याला आतून चिकटून असलेले खोल स्नायू यात काम करतात. जुन्या मानदुखीत हेच सुस्तावलेले असतात आणि त्यांचं काम बाहेरचे स्नायू ओरडत ओरडत करत असतात. दिसायला हा व्यायाम फारच फुसका. "एवढंच?" असं प्रत्येक जण म्हणतो, आणि सहाव्या वेळी थरथरतो.

तिसरं, खांद्याची पाती. एक लिटर पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत, कमरेतून थोडं वाकून, कोपर मागे ओढत पाती एकमेकींकडे आणा. दहा वेळा, दोन फेऱ्या. खांदे कानाकडे जाऊ द्यायचे नाहीत. महिन्याभराने बाटल्यांत पाण्याऐवजी वाळू.

व्यायाम रोज. हाताने दाबणं पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग गरजेपुरतं. नुसतं दाबण्यापेक्षा सोबत व्यायाम असला तर जास्त उपयोग होतो, हे जुन्या मानदुखीच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. दर रविवारी गज मोजा. दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखणं चालेल, पण ते चोवीस तासांत उतरलं पाहिजे. त्याहून टिकलं तर निम्मं करा. हातात नव्याने मुंग्या सुरू झाल्या तर थांबा.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगला माणूस रागावत नाही. पहिल्या भेटीत तपासणी व्हायला हवी: मान किती वळते, हातांची ताकद, संवेदना, प्रतिक्षिप्त क्रिया. आल्याबरोबर मशीन लावून वीस मिनिटं पडदा ओढून निघून गेले, तर दुसरीकडे बघा. चार-सहा वेळा जाऊनही वहीत काही हललं नसेल तर तेच पुढे रेटण्यात अर्थ नाही, कारण शोधलं पाहिजे. आणि जो "वर्षभराचं पॅकेज घ्या" म्हणतो त्याच्यापासून पाकीट सांभाळा. पैशाची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं सरकारी घाटी रुग्णालय, किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. आधी अस्थिरोग विभागात दाखवा, तिथून पुढे पाठवतात. रांग असते, सकाळी लवकर निघा.

काम तर सुटणार नाही

"वाकू नका" हा सल्ला मराठवाड्यात देऊन उपयोग नाही. दिवाळीनंतर कापूस वेचायचाच असतो. वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधा, गळ्यात किंवा एका खांद्यावर अडकवू नका, आणि भरू देऊ नका. अर्धी झाली की रिकामी करा. ओळीच्या टोकाला पोचलं की मान मागे टाकून पाच वेळा फिरवायची, तेवढ्याने मुकादमाचं काही जात नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना डोक्यावर मोळी घेऊ नका असं सांगायला मला तोंड नाही. मोळी लहान ठेवा, चुंबळ नीट मधोमध घ्या, फळीवरून गाडीत चढताना पायाकडे नाही तर समोर बघा, आणि मान दुखत असताना ओझं डोक्यावर असेपर्यंत मागे वळून कुणाला उत्तर देऊ नका.

लातूरला क्लाससाठी राहणारी मुलं कॉटवर मांडी घालून दहा-दहा तास पुस्तकात डोकं घालतात. मांडीवर उशी, उशीवर पाट, पाटाखाली दोन जाडजूड पुस्तकं लावून उतार, एवढ्यात निम्मं काम होतं. दर अर्ध्या तासाला उठून पाणी प्या. मोबाइल लोळून बघायचा असेल तर कुशीवर, आणि उशी एकच, खांदा आणि कानामधली जागा भरेल एवढी जाड.

मावशींच्या मशीनखाली आम्ही चार विटा घातल्या आणि खुर्ची त्या मानाने उंच केली. दिवा डाव्या बाजूला आणला, कारण सुई दिसत नाही म्हणून त्या पुढे वाकत होत्या. चष्म्याचा नंबरही बदलला होता, हे आम्हाला फार उशिरा सुचलं. सहाव्या आठवड्यात पाचवा गज दिसला. पुढच्या लग्नसराईत मान पुन्हा कुरकुरली, तेव्हा त्या माझ्याकडे न येता तीन दिवस घरीच सगळं करून मोकळ्या झाल्या. नंतर भेटल्या तेव्हा तक्रार वेगळीच होती. मोज्यातले टेनिस बॉल लेक क्रिकेटला घेऊन जातो, तिसरी जोडी आणली, आता ती पिठाच्या डब्यात लपवून ठेवली आहे म्हणाल्या.